लाल पेन्सिलीचं 'थांबा'

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. नांदेडच्या एका मेडिकल कॉलेजात मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे; मायक्रोस्कोपखाली दिसतं तेवढंच खरं, असं माझं मत... तरीही हे लिहितेय.

मला हाताला धरून शिकवलं ते सुमनताईंनी. पेशंटचा पू जंतूंचं खाद्य ओतलेल्या काचेच्या प्लेटवर लावायचा, इनक्युबेटरच्या उबेत ठेवायचा, जंतू उगवतात का बघायचं – हे आमचं काम. दोन दिवसांत काही दिसलं नाही की 'नो ग्रोथ' लिहून प्लेट टाकून द्यायची, अशी रीत. ताईंना शंका आली तर मात्र त्या काचेवर उमटणाऱ्या लाल पेन्सिलीने झाकणावर 'थांबा' लिहायच्या. मग आठवडाभर त्या प्लेटला कुणाची हात लावायची टाप नव्हती!

"बियाणं हाय बाई. समदंच एका येळंला उगवत न्हाई," म्हणायच्या.

कॉलेजात तापावर संशोधन झालं, त्यात नावं डॉक्टरांची छापून आली. पण त्यातले कितीतरी जंतू ताईंच्या धीराने सापडलेले, हे मी शपथेवर सांगेन.

ताई रिटायर होऊन लातूरला लेकीकडे गेल्या. मागोमाग अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात कायमचा गेला.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर मुखेडकडची एक बाई अ‍ॅडमिट झाली. महिनाभर ताप, गुडघ्यात पू. टीबी समजून औषधं चालू होती, पण उतार नाही. नवरा रोज लॅबच्या दारात.

"म्याडम, काय निघालं का हो? लई खंगून राहिली वो ती."

शनिवारी दुपारी तिच्या प्लेटचे दोन दिवस भरले. प्लेट कोरी. मला अर्धापूरला भाचीच्या हळदीला जायची घाई... 'नो ग्रोथ' लिहिलं, प्लेट टाकाऊ बादलीत टाकली आणि लॅबला कुलूप लावलं. एक किल्ली माझ्या पर्समध्ये, दुसरी आमच्या विभागप्रमुख मॅडमकडे, आणि त्या हैदराबादला गेलेल्या.

सोमवारी सकाळी इनक्युबेटर उघडला, तर वरच्याच कप्प्यात तीच प्लेट. तोच नंबर. आत सुरकुतलेल्या पांढरट ठिपक्यांची दाट वाढ. आणि झाकणावर लाल अक्षरात – 'थांबा'.

मी सगळे ड्रॉवर उपसले. आमच्याकडे आता सगळे मार्कर वापरतात. तसली पेन्सिल लॅबमध्ये उरलीच नव्हती.

हैदराबादहून परतलेल्या मॅडमनी तपासण्या केल्या. मेलिऑयडोसिस! मातीतल्या जंतूचा आजार, टीबीचं हुबेहूब सोंग घेणारा, औषध साफ वेगळं. ते लगेच बदललं. काही आठवड्यांनी ती बाई स्वतःच्या पायांनी एसटीत चढली.

पुरावा मागाल तर नाही. फोटो काढले ते झाकण बाजूला ठेवून, आणि प्लेट नियमाप्रमाणे निर्जंतुक करून नष्ट केली.

त्यानंतरच्या रविवारी लातूर गाठलं. "जयभीम ताई," म्हणून खाटेजवळ बसले आणि माझ्या घाईसकट सगळं सांगितलं. लाजेने रडूच फुटलं. ताईंना प्लेटचं काडीचंही नवल वाटलं नाही. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला.

"घरी गेली का ती बाई?" एवढंच विचारलं.

"हो ताई, गेली."

"मग झालं तर."

बादलीतून प्लेट कुणी काढली, मला आजही माहीत नाही. आता शंका आली की झाकणावर मीच 'थांबा' लिहिते, मार्करने. अक्षर काही तसं येत नाही.