न रडणारी इन्स्पेक्टर

त्या मालिकेतली इन्स्पेक्टर कधी रडत नसे. मालिका परदेशी, हिंदीत डब केलेली. मृताच्या घरी जाऊन ती तीन प्रश्न विचारी, उत्तरं वहीत लिही आणि चहा न घेता निघे. लातूरच्या एका दैनिकात मी उपसंपादक होते. मला तिच्यासारखं व्हायचं होतं. निधनवार्ता माझ्याकडे असत. नाव, वय, गाव, अंत्यसंस्कार, पश्चात परिवार. लिहिताना हात कधी थांबला नाही.

सुटीत नायगावला घरी गेले की मी तीच मालिका लावी. वडील शेंगा फोडत बघत. एकदा म्हणाले, "ही बाई घरी कुणासंगं बोलत असंल?"

"तिला गरज नाही, बाबा."

"हाव का," म्हणाले, आणि सोललेले दाणे माझ्यापुढे सरकवले.

वडील मार्चमध्ये गेले. दुपारी अंत्यसंस्कार झाले. त्याच संध्याकाळी ओसरीवर बसून मी फोनवरच बातमी लिहिली. दुसऱ्या कुणी लिहिली तर वय चुकेल, असं वाटलं. पाच मिनिटं लागली.

सकाळी पेपरात छापून आलेली ती बातमी भावानं आईला वाचून दाखवली. "त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, सून व दोन नातवंडे असा परिवार आहे." तो थांबला. "अन् तू गं? पाहुणी हाइस का?"

"कुणी लिहिलं हे?" आईनं विचारलं.

"मी."

चुलती म्हणाली, "पोरीचं लगीन न्हाई झालं अजून, अन् हिनं आधीच सोताला घराभायेर काढलं!" कुणी हसलं नाही.

आई पदरानं कागद पुसत म्हणाली, "ह्यो फोटोखाली लावायचा हाय मला. तुझ्याबिगर कसा लावू?"

मी लगेच खुलासा लिहायला घेतला. 'अनवधानाने एका मुलीचा उल्लेख राहून गेला.' पहिला शब्द खोडला, परत लिहिला. अनवधान होतं का? बातमी लिहिणाऱ्यानं बातमीत दिसायचं नसतं, ही सवय नडली का? की त्या दिवशी मी खरंच तिथे नव्हते? रडू तोवर आलं नव्हतं. याचा मला अभिमान वाटत होता की भीती, तेही सांगता येईना. शेवटी तो शब्द ठेवला. दुसरा सुचला नाही.

खुलासा छापून आला. आईनं दोन्ही कागद शेजारीशेजारी लावले. तेराव्याला म्हणाली, "कसं गं राहिलं?"

"माहीत नाही, आई."

मालिका मी अजून बघते. इन्स्पेक्टर वही मिटते, त्या घरातून बाहेर पडते, गाडीत बसते. तिथून ती कुठे जाते, ते दाखवत नाहीत.