सुभेदाराचा जुळा

माझा भाऊ माझ्यापेक्षा पाव तासानं धाकटा आहे आणि त्याचं बरं झालेलं मला कधी बघवलं नाही. जुळे आहोत आम्ही. नाक, कान, कपाळावरची आठी, आता टक्कलसुद्धा सारखंच. फरक फक्त तळपायांत. साताऱ्याकडच्या आमच्या गावात घरटी एक तरी माणूस फौजेत असतो, म्हणून बारावी होताच आम्ही दोघंही भरतीला उभे राहिलो. पळण्यात मी पुढे होतो. मग डॉक्टरांनी पाय ओले करून फरशीवर चालायला लावलं. त्याच्या पावलाचा ठसा मधे तुटला, माझा अख्खा उमटला. अख्खा उमटला म्हणजे तळवे सपाट, म्हणून मी नापास. तो सुभेदार होऊन निवृत्त झाला, मी सांगलीच्या एका हायस्कुलात संस्कृत शिकवून.

गावाला अजून आमच्यातला फरक कळत नाही. मी एसटीतून उतरलो की कुणीतरी "जय हिंद सुभेदार" म्हणतंच. मीही हात वर करतो. "तो मी नव्हे" असं सांगायला तोंड उघडावं लागतं, आणि माझं ते इतक्या वर्षांत उघडलेलं नाही.

यंदा खंडेनवमीला माजी सैनिकांनी वेशीवर गावच्या शहीद जवानांचं स्मारक उभं केलं. त्यावर वज्र कोरलं होतं आणि त्याचा अर्थ सांगायला मला बोलावलं होतं. निदान एक संध्याकाळ गावानं त्याच्याऐवजी माझ्याकडे बघावं, एवढंच मला हवं होतं. पंधरा दिवस तयारी केली.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण त्या दिवशी माझं विकलं गेलं. मी सांगितलं, की लष्कराच्या सर्वांत मोठ्या पदकावर इंद्राचं वज्र असतं, दधीची ऋषींच्या हाडांपासून घडवलेलं. ग्रीकांच्या आकाशदेवाच्या हातात तशीच वीज असते, आणि त्यांच्याही उत्तरेच्या थंड मुलखात तिचा हातोडा होतो. फार पूर्वी या सगळ्यांच्या भाषांचं आणि देवांचं गोत एकच होतं. मग अश्विनीकुमारांवर आलो. घोड्यांचे हे जुळे देव. ग्रीकांकडेही तसेच दोन जुळे भाऊ आहेत, आणि लढाई अडली की ते पांढऱ्या घोड्यांवरून धावून येतात असं रोमन सैनिक मानायचे. "त्यातला एक देवाचा मुलगा, अमर. दुसरा माणसाचा, मरणारा," असं म्हणून मी थांबलो. पुढची गोष्ट मला येत होती. ती मी मुद्दाम गिळली.

टाळ्या पडल्या. मी खाली उतरलो आणि गर्दीत शिरलो, तर माणसं निघाली भावाकडे. फेटे आम्हा सगळ्यांना सारखेच बांधले होते. खंडेनवमी म्हणून माजी सैनिकांनी छातीवरची पदकं काढून पूजेच्या पाटावर मांडली होती. म्हणजे आम्हाला ओळखायला काही खूण उरलीच नव्हती.

"सुभेदार, काय बोललासा. लय ग्यान हाय तुमच्याकडं," एकजण त्याला म्हणाला.

"आवं, त्यो मी न्हवं," भाऊ म्हणाला. "बोलला त्यो माझा थोरला भाऊ. त्यो बघा तितं. मला ह्यातलं काय बी कळत न्हाई."

दुसऱ्यालाही त्यानं तेच सांगितलं, तिसऱ्यालाही. मुलगा सीमेवर गमावलेल्या एका म्हातारीला तर हाताला धरून माझ्यापर्यंत आणलं. सहा वेळा मी ते "त्यो मी न्हवं" ऐकलं. भाषण माझं आणि मोठेपणा याचाच.

घरी चालत जाताना त्यानं विचारलं, "त्या जुळ्यांचं पुढं काय झालं रं? मेला व्हय एक?"

"मेला."

"आन् दुसरा?"

"दुसरा राहिला."

"वंगाळ झालं," तो म्हणाला.

दुसरा एकटा मागे राहिला नव्हता. त्यानं आपल्या देवबापाकडे हट्ट धरला आणि स्वतःचं अर्धं अमरपण भावाला दिलं. तेव्हापासून दोघं मिळून एक दिवस स्वर्गात असतात आणि एक दिवस पाताळात. हे सांगितलं असतं, तर गोष्टीतला चांगला भाऊ कोण ते आम्हा दोघांनाही कळलं असतं. मला ते जमलं नाही.

दसरा करून मी निघालो. त्यानं मोटरसायकलवरून साताऱ्याच्या स्टँडवर सोडलं, पिशवी हातात दिली आणि तो गेला. सांगलीची गाडी लागायची होती. तेवढ्यात पाठीवर फौजी पिशवी घेतलेला एक जवान समोर आला आणि ताठ उभा राहिला.

"जय हिंद, साब. वळखलं का? ट्रेनिंगला तुमच्या हाताखाली हुतो. पळताना पडलो तवा तुमी मला खांद्यावर घिऊन पळलासा. न्हाईतर मी पळूनच आलो असतो घरला."

त्याचे डोळे भरले होते. ही गोष्ट भावानं मला कधी सांगितली नव्हती. "तो मी नव्हे" एवढंच म्हणायचं होतं. परवा सहा वेळा ऐकलं होतं, पाठ झालं होतं. पण माझा हात आधीच वर गेला होता.

"वळखलं की रं," मी म्हणालो.