बिनलोखंडी व्याही

लोखंडाशी आमच्या व्याह्यांइतकं वैर गंजानंही धरलं नसेल. मी चौथीतून शाळा सोडली ती थेट फाउंड्रीत लोखंड ओतायला, आणि लेक दिली ती नेमकी यांच्या घरी. पेशानं फिजिक्सचे प्राध्यापक. गगनबावड्याच्या रस्त्याला, उसाच्या मधोमध त्यांनी एक लाकडी खोपटं बांधलं होतं. खिळ्यांच्या जागी बांबूच्या खुंट्या. आत मोठा थर्मास, त्यात हिमालयसुद्धा ऊनऊन वाटावा असा गार द्रव, आणि तळाशी नखाएवढी चकती. माणसाच्या काळजातनं चुंबकासारखं काहीतरी झिरपतं, चकती गारठली की तेवढंही ओळखते, असं ते सांगत. लांबवर ट्रॅक्टर गेला तरी तिचा तोल जाई. म्हणून व्याह्यांनी चेनची पँट सोडून नाडीचा लेंगा धरला, शर्टाला लाकडी गुंड्या लावल्या. लग्नात मानपान सोडून वऱ्हाडाच्या कमरेचे पट्टे तपासत फिरले. माझा हात हातात घेतला की लगेच नळाखाली धुवायचे. "तुमच्या घामात बी लोखंड हाय, पावणं," म्हणायचे. मला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटायचा.

लेकीला सातवा लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, बाळाचा ठोका मध्येच चुकतोय, नक्की सांगता येत नाही. व्याह्यांनी तिला खोपट्यात आणून लाकडी बाजेवर निजवलं, पोटावर थर्मास टांगला. थर्मासाला तारेनं जोडलेल्या पडद्यावरची रेघ नुसती पिसाळली. व्याही पांढरेफटक. पिना, मंगळसूत्र सगळं आधीच उतरवलेलं. शेवटी आमची ही कबूल झाली: पोटुशीला नजर लागू नये म्हणून लेकीच्या परकराच्या नाडीत तिनं लोखंडी सुई बांधली होती. आणि ती सोडायला काही तयार होईना. मी दरडावलं, तर उद्या काही झालं की मलाच बोलाल म्हणाली. आता शिकलेला माणूस प्रवचन देणार असं मला वाटलं. व्याह्यांनी हात जोडले. "विहीणबाई, सुई घेऊन तुम्ही बांधावर हुब्या ऱ्हावा. नजर तिथंच अडवा. हितं मी हाय की."

ती गेली. रेघ निवत गेली. लेकीच्या ठोक्यांच्या मोठ्या लाटा, आणि त्यांच्या मधे, तळ्यात मासोळीनं शेपटी हलवावी तसं बारकं थरथरणं. बाहेर ऊस सळसळत होता, थर्मासातनं पांढरं धुकं सांडत होतं. एक ठोका चुकला. आम्ही दोघे म्हातारे श्वास धरून उभे. पुढचा आला. त्याच्या पुढचाही.

"वाट चुकतंय, पर परत येतंय," व्याही पुटपुटले. "येईल सुखरूप."

आली. आता नात रंकाळ्यावर माझ्या पुढं भरभर चालते आणि वळून माझ्यासाठी थांबते. तिनं जगाचं तोंड बघायच्या आधी तिचं काळीज बघितलेली माणसं दोनच. त्यातले एक गेले. आता मी एकटाच उरलोय.