टिळा आणि आंघोळ

"जळकं मशीन गळ्यात मारलं तू माह्या, धर्म्या!"

"धर्मपाल म्हना. अन् जळकं होतं तं अकोल्याले माह्या दुकानात डोळे मिटून घंटाभर काय ऐकलं तुमी?"

"तिथं वाजलं. इथं आनलं अन् मेलं."

"मेलं का मारलं, तेच पाहाले आलो मी."

अमरावतीत, भगवंतरावांच्या बैठकीत हे चाललं होतं. भगवंतराव म्हणजे काळ्या जमिनीचे मालक. शेती सोडून बाकी सगळ्यातले जाणकार. एका तेलगिरणीचा इंग्रज साहेब मायदेशी परतला, तेव्हा त्याचे दोन विलायती स्पीकर यांनी उचलले. कपाटाएवढी खोकी. रेकॉर्डी चारच, त्यातली एक चिरलेली. गाणं लागलं की भगवंतराव डोळे मिटून मान डोलवत. दुसऱ्या अंतऱ्याला मान थांबे आणि घोरणं सुरू होई. तरी क्लबात सांगत, "आमच्यासारखा कान पाहिजे."

खोकी मात्र मिजासखोर. घरच्या रेडिओग्रामवर नुसती कण्हत. प्रत्येकाला वेगळा, दांडगा अँप्लिफायर हवा. लग्नासभांना कर्णे लावणारे त्याला मशीनच म्हणत. नवं मिळेना, म्हणून जुन्याचा शोध सुरू झाला. डाव्या खोक्यासाठी धामणगावच्या एका बंद पडलेल्या फिरत्या टॉकीजचं मशीन मिळालं. त्याच्या तोडीचं दुसरं साऱ्या वऱ्हाडात एकाकडेच होतं. तो हा धर्मपाल, अकोल्याचा, कर्णे भाड्यानं देणारा. केसांना चमेलीचं तेल, गळ्यात रेशमी रुमाल, आणि आवाज असा की माईकलाच त्याची गरज. त्याचं घर छप्पन सालीच बौद्ध झालेलं.

त्याची भगवंतरावांना अडचण नव्हती. शाळेच्या संमेलनात ते दरवर्षी समतेवर भाषण करत. फक्त दुकानात चहा आला, तेव्हा "डॉक्टरनं बंद केला" म्हणाले आणि मशीन घेऊन निघाल्यावर स्टँडवर दोन कप रिचवले.

मग दसऱ्याला क्लबातली मंडळी ऐकायला बोलावली. मंडळी यायच्या अगदी तोंडावर दोन्ही मशीनं चालू करून त्यांची पूजा झाली. मंडळी टेकतात न टेकतात तोच उजवं मशीन फाटकन् वाजलं, धूर निघाला, आणि बैठकीत गोठ्याचा वास सुटला. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले. भगवंतरावांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, "अकोल्याच्या त्या धर्म्यानं बनवलं आपल्याले." क्लबातून ते गावभर झालं.

"बडनेऱ्याचं लग्न गेलं माह्या हातचं," धर्मपाल म्हणाला. "लोक तोंडावर म्हनतात, तुह्या सामानाचा भरोसा नाई. आता लग्नाचा सीझन येऊन राहिला. माहा धंदा नावावर चालते, भगवंतराव."

"मंग मी काय करू? खोल अन् पाह्य तुह्यं तूच."

धर्मपालनं झाकण काढलं. आतले व्हॉल्व्ह, म्हणजे दिव्यासारख्या काचेच्या नळ्या, तडकलेले. पत्र्यावर हिरवट डाग. कोपऱ्यात तुळशीचं एक पान, भाजून काळं पडलेलं. त्यानं नाक जवळ नेलं आणि झटकन मागं घेतलं.

"हे काय होय?"

"पूजा केली. आमी सगळ्याच यंत्रायची करतो दसऱ्याले."

"करा ना, चांगली गोष्ट हाय." धर्मपाल डाव्या मशीनकडे वळला. त्या मशीनच्या कपाळावर कुंकवाचं एक बोट होतं, कोरडं ठणठणीत. "याले तं टिळा लावला. मंग माह्या मशीनले आंघोळ कावून?"

भगवंतरावांनी खाकरून घसा साफ केला. "मी असलं काई मानत नाई, तुले ठाऊक हाय. घरच्यायच्या समाधानासाठी थोडंसं गोमूत्र शिपडलं."

आतल्या दारात त्यांच्या बायकोची, मैनाबाईंची बांगडी वाजली. "घरच्यायचं नाव कावून घेता? मी तं दोघायले कुंकू लावून उठली. गोठ्यातून तांब्या तुमीच आनला. अन् शिपडलं म्हने! सारा उपडा केला."

"तू आत जा!"

"आतच हावो मी."

धर्मपाल हसला. साधं नाही, सभेच्या मैदानात शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं. "टॉकीजच्या मशीनजवळ कोन कोन बसलं, ते इचारलं का धामनगावात? तापल्या काचेवर गार ओतलं, भगवंतराव. ते काय आशीर्वाद देईन?"

मग त्यानं मशीनच्या पुढच्या पट्टीवर बोट फिरवलं. रंगानं लिहिलेलं त्याचं नाव तिथून ब्लेडनं खरवडलं होतं. "घरात ठेवाले हे नाव चाललं नाई. बदनाम कराले बरं चाललं!"

"झालं गेलं सोड आता. नीट होते का नाई, ते सांग."

"होते. नवे व्हॉल्व्ह टाकतो, फुकट. तुमचं उजवं खोकं पयल्यासारखं गाईन. फक्त संध्याकाळी माह्यासंगं क्लबात चला. ज्यायच्यासमोर मले लबाड म्हनलं, त्यायच्यासमोर सांगा, मशीन चांगलं होतं, मीच त्याच्यावर गोमूत्र ओतलं. बस."

भगवंतरावांनी उजव्या खोक्याकडे पाहिलं. मग डाव्याकडे.

"कावून, भगवंतराव? हो का नाई, एवढं तं बोला."

दारात मैनाबाई पदर खोचून उभ्या होत्या. त्याही वाट पाहत होत्या.

भगवंतरावांनी खुंटीवरची टोपी काढली, झटकली, डोक्यावर ठेवली. पायांनी चाचपडत जोडे शोधले आणि स्वतःच्याच घरातून, दोघांकडे पाठ करून, ते क्लबाच्या उलट दिशेच्या रस्त्यानं निघून गेले.