द्राक्षांच्या दिवसांतली गणती

सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या पाड्यांचं पुढच्या वीस वर्षांत काय होणार, याचा अंदाज बांधायचं काम एका कंपनीला मिळालं होतं. नाशिकच्या बैठकीत त्यांच्या मॅडमनी पडद्यावर नकाशा दाखवला. माझ्या पाड्यावर लाल ठिपका होता. वस्ती ओस पडणार, म्हणून नाल्यावरचा पूल सरकारी यादीतून वगळला होता. पावसात वाट अडवणाऱ्या त्याच नाल्यापायी माझी शाळा सातवीत सुटली. मी उठलो आणि गणती कधी केली ते विचारलं.

"माघात. निम्म्याहून जास्त घरांना कुलूप होतं."

"माघात तिथे तुम्ही कुत्री मोजलीत, मॅडम. माणसं दिंडोरीला द्राक्षं काढतायत."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच नेतो त्यांना. मजुरांचा मुकादम आहे मी."

"म्हणजे घरं तुम्हीच रिकामी करता."

मागे कोणीतरी हसलं. कानशिलं तापली, पण सौद्यात आधी ओरडतो तो हरतो, हे मला कळतं. होळीला सगळे घरी परततात, तेव्हा मोजा, म्हटलं. पण त्यांना अहवाल त्याआधीच द्यायचा होता. घासाघीस करून मी त्यांचा अर्धा दिवस मिळवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच गाडीतून त्यांना दिंडोरीच्या मळ्यावर नेलं.

मुद्दाम कोणालाही पढवलं नव्हतं. मॅडम वेलींखाली वाकून एकेकीला गाव विचारत होत्या, लिहीत होत्या. आकडा वाढत होता, तसा मी सैल होत होतो. मग त्यांनी पाड्यावरच्या माझ्या शेजारच्या वहिनींना विचारलं, वीस वर्षांनी कुठे असाल?

वहिनींनी घड कापता कापताच सांगितलं, "पावसात पोरं शाळंत जातील तर तिकडंच. नाय तर हितं झोपडी घालू. हे भाऊ तर दोन सालं सांगतायत, हितंच ऱ्हावा म्हणून."

सांगत होतो, हे खरं. मजूर बारमाही हाताशी राहिले तर दरवर्षी डोंगरात गाड्या पाठवाव्या लागत नाहीत.

मॅडमनी पेन थांबवलं. "यांना कुठल्या गावात धरू?"

मॅडमवरचा राग माझा अजून गेलेला नाही. पण घरं मीच रिकामी करतो, हे त्यांचं बोलणं खरं निघालं होतं.

"पाड्यावर धरा," मी म्हणालो. मग वहिनींकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "होळीला घरी जायला गाडी लावतो. इथे कोणी झोपडी घालायची नाही."

वहिनी म्हणाल्या, "आधी पूल होऊ द्या, भाऊ," आणि पुढच्या वेलीकडे सरकल्या.