पायथ्याशी बसलेला

आधीच सांगते — बाहेरचं, नजर, झपाटणं असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. न्हावा शेव्याला क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात अर्धं आयुष्य गेलं. सापडत नसलेला कंटेनर कुठेतरी असतोच, शोधावा लागतो, एवढंच मला कळतं. तरी हे लिहितेय, कारण वाचणाऱ्यांत कोणी आयसीयूत काम करणारं असेल तर...

सुधीर माझा धाकटा भाऊ. चौलला आमची सुपारीची वाडी आहे. सुपारी काढणारे गडी एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरी धरतात, मध्ये खाली उतरत नाहीत. त्या दिवशी गडी आला नाही म्हणून हा स्वतःच चढला. दुसरी पोफळ हाताला लागली नाही.

कंबरेचं हाड मोडलं, पोटात रक्तस्राव. पनवेलच्या एका हॉस्पिटलात ठेवला. बदली रक्तदाते आणा म्हणाले, तर गावातून टेम्पो भरून माणसं आली. शेजारचा नारायण कोळी दंडावर कापूस दाबत म्हणाला, "ताय, वाडीवाल्याचे आंगान आता कोल्याचा रगत! सुधीरशेट म्हावऱ्याबिगर जेवाचा नाय."

"तुझं रक्त बँकेत गेलं, नारायण. त्याला दुसऱ्याच कोणाचं तरी मिळणार."

त्याचा चेहरा उतरला. "मंग कोनाचा?"



पहिली पिशवी संपली तसा सुधीर मास्क बाजूला करून म्हणाला, "ताई, पायथ्याशी कोण बसलंय? ओला आहे गं तो. उठव त्याला."

डॉक्टर म्हणाले, आयसीयूत असा भ्रम होतो. पटलं मला.

मी दारात उभी राहून प्रत्येकाला हात धुवायला लावत होते. चुलतीने आणलेला देवीचा अंगारासुद्धा आत जाऊ दिला नाही.

दुसऱ्या पिशवीनंतर म्हणाला, "गुडघ्यापर्यंत आलाय. पिशवी लागली की पुढे सरकतो."

"गप पड. काही नाही तिथे." दाखवायला म्हणून मी गादीवर हात ठेवला. चादर कोरडी होती. पण गादी दबलेली होती... कोणी बसल्यावर दबते तशी. सिस्टरला हाक मारली. ती येईपर्यंत सपाट!

मग हिमोग्लोबिन पुन्हा उतरलं. डॉक्टर सरळ बोलले, "रक्त दिल्याने इन्फेक्शनचा धोका वाढतो, म्हणून आम्ही जपूनच देतो. पण आता नाही दिलं तर हृदयाला झेपणार नाही."

सुधीरने माझं मनगट धरलं. "सही नको करू, ताई. आता छातीशी येईल."

मी सही केली. दुसरं काय करणार होते?

तिसरी पिशवी लागली तेव्हा डोळे मिटून त्याने एक हात छातीवर आडवा धरला — दार लोटून धरावं तसा. मग ताप चढला. रक्तात जंतू सापडले, कुठल्याच औषधाला न जुमानणारे. नळीतून आले की आणखी कुठून, कोणी सांगू शकलं नाही. व्हेंटिलेटर लावला, पण तो गेला.

त्याचं सामान घ्यायला आत गेले. शेजारच्या खाटेवर रेवसची एक म्हातारी होती, तासाभरापूर्वीच आणलेली. सुधीरला तिने पाहिलंही नव्हतं. सिस्टरने तिला रक्त सुरू केलं. म्हातारीने पायथ्याकडे बघितलं आणि पाय आखडून घेतले, लाँचमध्ये आपण कोणाला टेकायला जागा करून देतो तसे.

"बस रं बाबा," ती म्हणाली. "पार भिजलास."

भ्रम म्हणायचा, तर दोघांना एकच कसा? खूप डोकं चालवलं. नाही सापडलं काही.

बाहेर तिची लेक उभी होती. मला विचारते, "रगत लागला की आयेला बरं वाटंल ना वो, ताय?"

मी सुधीरच्या सामानाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"वाटेल," म्हटलं, आणि जिना उतरले.