आपांच्या नावावर राहिलेली माझी चूक

रझिया आपा आज सकाळी गेल्या.

आणि आमच्या ग्रुपवर माझी चूक अजून त्यांच्या नावावर आहे.

ज्यांना आपा माहीत नाहीत त्यांच्यासाठी लिहिते. जिंतूरला एका छापखान्यात त्या प्रूफं तपासायच्या. छापखाना बंद पडला तसं घरूनच काम सुरू केलं. लोकांची पुस्तकं, शाळेचे अहवाल, लग्नपत्रिका.

"घरबसल्या काम" हा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांनीच काढला. त्यात कोणी लेख लिहून देणारं, कोणी दुसऱ्याचं लिखाण नीट करून देणारं, कोणी माझ्यासारखी शेवया-कुरडया विकणारी.

ग्रुपचा जीव म्हणजे आपांची यादी, सगळ्यांना फोनवर उघडून लिहिता येईल अशी. फुकट आणि खऱ्या वेबसाइटची.

शब्दकोश कुठं बघायचा. जुन्या फॉन्टमधलं टायपिंग युनिकोडमध्ये कुठं बदलून मिळतं. मालाच्या फोटोमागचा पसारा कुठं पुसता येतो. बिलाचा नमुना कुठं आहे. खाद्यपदार्थाच्या परवान्याचा अर्ज कुठं भरायचा.

एकदा कोणीतरी एक नवीन डिक्शनरी पाठवली, तर आपांचा व्हॉइस मेसेज आला: "ह्याला शब्दकोश म्हणायचं? माझ्या सासूला ह्याच्यापेक्षा जास्त शब्द येत होते, अन् ते बी नुसत्या शिव्यांचे!"

प्रत्येक लिंकपुढं "चालू" नाहीतर "बंद" लिहायचं, आणि ज्यानं तपासली त्याचं नाव.

मी विचारलं होतं, "नाव कशाला हो आपा?"

"छापखान्यात प्रूफावर सही करावी लागायची. चूक निघाली तर कोणाकडं जायचं ते कळलं पाहिजे."

दुसरा नियम, अर्ज शेवटच्या पानापर्यंत उघडून बघायचा. "पहिलं पान नवरीवानी नटलेलं असतंय गं. आतलं बघ."

परवान्याची लिंक त्यांनी मला तपासायला दिली. म्हणल्या, "तू बचत गटाची वही ठेवतीस. तुझं काम पक्कं असतंय."

मी दहावी पास. एवढ्या शिकलेल्या बाईनं आपल्याला पक्कं म्हणावं, लय बरं वाटलं.

त्या दिवशी आम्हाला पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला जायचं होतं. दारात ऑटो उभा. मी घाईघाईत लिंक उघडली. वर तिरंगी पट्टी, मधे मोठ्या अक्षरात "परवाना". सरकारीच वाटली.

पहिलंच पान बघितलं आणि लिहिलं: चालू. मंगल.

ती खोटी होती.

चारठाण्याच्या सुनंदाताई लोणची करतात. त्यांनी त्याच लिंकवर अर्ज भरला. आलेला परवाना लॅमिनेशन करून घेतला. परभणीच्या प्रदर्शनात स्टॉलवर लावला, त्याला हार घातला.

तपासणीला आलेल्या साहेबांनी नंबर बघितला आणि म्हणले, "हा बनावट आहे. बरण्या उचला."

सगळ्यांसमोर. आजूबाजूच्या बाया बघत होत्या.

संध्याकाळी ग्रुपवर सुनंदाताईंचा मेसेज आला. "ही लिंक तपासली कोणी?"

मी यादी उघडली.

तिथं आता माझं नाव नव्हतं. "बंद, खोटी. तपासणारी: रझिया."

ग्रुपवर सुनंदाताईंच्या मेसेजखाली आपांचा मेसेज. "मी तपासली होती. चूक माझी. उद्या चारठाण्याला येते, खरा अर्ज भरून देते."

मी फोन केला. "आपा, असं का केलं?"

"तू आत्ता कुठं धंदा सुरू केलास. तुझं नाव गेलं तर तुझ्या कुरडया कोण घेईल? म्हातारीला लोक माफ करतात."

"पण मी सांगते ना आपा."

"सांग की. तुला जमंल तवा सांग. मी न्हाई सांगणार."

मला जमलं नाही. दीड वर्ष.

सुजलेले पाय घेऊन त्या एसटीनं चारठाण्याला गेल्या. मी पोखर्णीला गेले. नारळ फोडला, नाक घासलं, देवासमोर सगळं कबूल केलं.

माणसांसमोर नाही केलं.

आपांनी परत कधी विषय काढला नाही. नवीन लिंक तपासायला दिली की तेवढं विचारायच्या, "शेवटच्या पानापर्यंत गेलीस?"

"गेले आपा."

"बरं."

आज त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेल्या म्हणली.

मी देवापुढं दिवा लावला, आणि आधी सुनंदाताईंना फोन केला.

"ताई, आपा गेल्या. आणि ती परवान्याची लिंक मी तपासली होती. त्यांनी नाही. पहिलंच पान बघून मी चालू लिहिलं."

त्यांच्याकडं मागं कुकरची शिट्टी झाली.

"आता सांगायलीस?"

"हो ताई."

"त्या दिवशी त्या माझ्या ओट्यावर दुपारपर्यंत बसून अर्ज भरायल्या होत्या. रागाच्या भरात मी त्यांना पाणीबी विचारलं न्हाई. तुला म्हाईत हाय का हे?"

मला माहीत नव्हतं. आपांनी तेही सांगितलं नव्हतं.

"मय्यत घरून कधी निघणार हाय?"

"दुपारच्या नमाजाआधी."

"मी निघायलेय. तू बी ये." मग म्हणल्या, "पण माझ्याजवळ उभी राहू नको."

मी जिंतूरच्या गाडीत बसूनच हे लिहितेय. यादीत त्या ओळीपुढं आत्ताच माझं नाव परत लिहिलं आहे. सगळ्यांनी बघावं. माझ्याकडून माल घ्यायचा की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं.

आपा, तुमच्या अल्लानं तुम्हाला जवळ करावं. माझ्या नृसिंहाकडंही मी तेच मागितलं आहे.

तुमच्या मंगलचा शेवटचा नमस्कार.